दुसरा शर्ट

“वापर लिहू नका, सर. तुम्हीच फळ्याशेजारी उभे राहा. पोरांना बरोबर कळेल.”

आमच्या संस्थेचे अध्यक्ष हे म्हणाले तेव्हा माझ्या हातात खडू होता. मुरबाडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजचा व्हरांडा. प्रार्थना नुकतीच संपलेली. समोर अकरावी-बारावीची मुलं. अध्यक्षांच्या मागे उपप्राचार्य आणि दोन शिक्षक.

फळ्यावर मी रोज एक इंग्रजी शब्द लिहितो. आधी अर्थ, मग मूळ, मग वापर. त्या दिवशीचा शब्द होता एक्झ्यूड. अर्थ लिहून झाला होता : पाझरणे, आतलं बाहेर येणे. मूळही लिहून झालं होतं : लॅटिन, घाम येणे. वापराची ओळ लिहायला मी हात वर केला आणि माझी काख सगळ्यांना दिसली. शर्ट काखेपासून कमरेपर्यंत भिजलेला. पाठीला तर चिकटूनच बसलेला.

आधी कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी थोडं थांबून पाहिलं. मग नाकासमोरून हात फिरवला. माशी हाकलतात तसा.

तेव्हा हसले. पहिले उपप्राचार्य हसले. मग शिक्षक. मग मुलं. मुलांना मी दोष देत नाही. मोठी माणसं हसली की हसायचं असतं, हे आम्हीच त्यांना शिकवलेलं.

माझी मुलगी सुमेधा त्याच मुलांत उभी होती. बारावीत आहे. कॉलेजात ती मला सर म्हणते. घरातून निघालो की पप्पा बंद, असं आमचं ठरलेलं आहे. ती हसली नाही. ती अध्यक्षांकडेही बघत नव्हती. ती माझ्या शर्टाकडे बघत होती.

घोळका पांगला. ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, “पप्पा, दुसरा शर्ट नाय आणला?”

मी म्हणालो, “हाच दुसरा आहे गं.”

तिने मान खाली घातली आणि वर्गात गेली.

अध्यक्षांच्या वाक्याने मला लागलं. खोटं कशाला बोलू. पण अशी वाक्यं मी आयुष्यभर ऐकत आलोय. ती कुठे ठेवायची, त्यांच्यावर झाकण कसं घालायचं, हे मला येतं. मुलीचा प्रश्न मात्र ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती. तिला त्या माणसाचा राग आला नव्हता. माझ्याकडून चूक झाली, असं तिला वाटलं होतं.

आणि तसं वाटायला तिला मीच शिकवलं होतं.

तो शब्द फळ्यावर कसा आला तेही सांगतो. संस्थेच्या वर्धापनदिनाला अध्यक्ष इंग्रजीतून भाषण करतात. ते भाषण मी लिहितो. पहिल्यापासून मीच. त्यांना इंग्रजी वाचता येतं, लिहिता येत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि मी ते कधी कोणाला सांगितलंही नव्हतं. या वर्षीच्या मसुद्यात एक वाक्य होतं : आमच्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांतून आत्मविश्वास एक्झ्यूड होतो. त्या वाक्याला ते अडले. आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“सर, हा एक्झ्यूड काय प्रकार आहे? जीभ वळत नाय.”

मी सांगितलं. झाडाच्या सालीतून डिंक येतो ना, कोणी पिळत नाही, आपोआप येतो, तसं. जखमेतून लस येते, तसं.

“मग आत्मविश्वासाला का लावलाय?”

“आता तसाच जास्त वापरतात. आत्मविश्वास, रुबाब, मोठेपणा. माणूस काही बोलत नाही, पण त्याच्याकडे बघितलं की कळतं. अंगातून बाहेर येत असतं.”

“आणि मूळ?”

मूळ सांगायला मला फार आवडतं. मी म्हणालो, “मूळ लॅटिन आहे. एक्स म्हणजे बाहेर. सुडारे म्हणजे घाम येणं. आपला संस्कृतातला स्वेद आणि तो सुडारे एकाच घराण्यातले.”

“म्हणजे घामच की!” अध्यक्ष फोनवर मोठ्याने हसले. “छान आहे. फळ्यावर पण लिहा उद्या. पोरांना भाषणात कळला पाहिजे.”

मी खूश झालो. रात्री जेवताना सुमेधालाही सांगितलं. अध्यक्षांना शब्द आवडला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो वापरला. मी दिलेला शब्द, मी सांगितलेलं मूळ.

आम्ही सापगावला राहतो, शहापूरजवळ. तिथून मुरबाडला मी मोटरसायकलने जातो. सुमेधा मैत्रिणींबरोबर एसटीने जाते. ऑक्टोबरचे दिवस. भातं पिकून पिवळी झालेली आणि ऊन असं की डोळ्यांपुढे अंधारी यावी. त्या सकाळी गाडी चढावावरच बंद पडली. ढकलत नेली. गॅरेजवाल्याकडे नळावर तोंड धुतलं, अंग पुसलं, पिशवीतला दुसरा शर्ट घातला. ओला शर्ट पिळून पिशवीत ठेवला. कॉलेजात आलो तर वीज गेलेली. फळा व्हरांड्याच्या उन्हाच्या बाजूला. पहिली ओळ लिहून होईपर्यंत दुसरा शर्टही गेला.

पिशवीत दुसरा शर्ट ठेवायची सवय माझी नाही. माझ्या वडिलांची.

वडील कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये होते. घाटातल्या रुळांवर काम. खडी ओढायची, स्लीपर उचलायचे. संध्याकाळी परतताना माणूस ओळखू यायचा नाही. पण साहेबाच्या कचेरीत काही काम असलं, रजा मागायची असली, की ते आधी नळावर जायचे. चोळून चोळून अंग धुवायचे. प्लास्टिकच्या पिशवीतून पांढरा शर्ट काढायचे. आई त्याला नीळ घालून ठेवायची. शर्ट घालून ते नळापाशीच थोडा वेळ सावलीत उभे राहायचे. अंग थंड होईपर्यंत.

मी एकदा विचारलं, का थांबलात?

“सायबापुढं जायाचं तं कोरडं जायाचं,” ते म्हणाले. “आपल्या अंगाला ते नाक लावून बसल्यात.”

त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. ते दाराशी उभे राहिले. शर्ट कोरडा, पांढराशुभ्र. साहेब टेबलाशी बसलेला. टेबलावर पंखा. वडील बोलायला लागले तसा साहेबाने तो पंखा उचलला आणि त्यांच्याकडे तोंड करून ठेवला. वारा त्याच्याकडून आमच्याकडे यायला लागला.

बाहेर आल्यावर वडील म्हणाले, “बघितलं का? आपल्याला वारा दिला सायबानं.”

मला किती वर्षं ते खरंच वाटत होतं. नववी-दहावीत असताना एकदम कळलं, पंखा का फिरवला ते. वडिलांना तेव्हा कळलं होतं का? की माझ्यासाठी तसं म्हणाले? आता विचारायला ते नाहीत. मी दोन्ही मनात धरून बघतो. दोन्ही सोसवत नाहीत.

तर ही आमच्या घरातली कमाई. वडिलांनी मला नोकरीची, इंग्रजीची ओढ दिली, पुस्तकं दिली, बुद्धवंदना दिली. त्याबरोबर ही पिशवीही दिली. मी ती घेतली. एम.ए. झालो, बी.एड. झालो, तरी पिशवी सोडली नाही. लग्नात, सभेत, परीक्षेच्या ड्यूटीवर, सगळीकडे एक शर्ट जास्त. नवीन शिक्षक भेटला आणि बोलता बोलता “सर, तुम्ही मूळचे कुठले?” म्हणाला, की माझा हात आपोआप कॉलरकडे जातो. शब्दाचं मूळ विचारलं की मला आनंद होतो. माझं मूळ विचारलं की मला घाम येतो.

सुमेधा पाचवीत गेली तेव्हा मी तिचा डबा बदलला. सुकट बंद. बोंबील रविवारी, तेही घरातच. तिची आई म्हणाली, “अवो, पोरीला आवडतं तं.” मी म्हणालो, वर्गात वास येतो, मुली लांब बसतात. कोणी लांब बसलं नव्हतं. बसतील म्हणून मी आधीच बंद केलं. खेळाच्या तासानंतर घालायला दप्तरात दुसरा युनिफॉर्म दिला. पावडरीची छोटी डबी दिली. आईने तिच्या डोक्याला तेल लावलं तर मी पुसायला लावायचो. ती लहान होती, विचारायची, “पप्पा, का?” मी सांगायचो, “नीटनेटकं राहावं माणसाने.”

जात हा शब्द मी तिच्यासमोर उच्चारत नसे. मला वाटायचं, मी तिला त्यापासून लांब ठेवतोय.

त्या व्हरांड्यातल्या सकाळनंतर घरात कोणी काही बोललं नाही. सुमेधाने आईला सांगितलं नाही. मीही नाही. ती जेवली, अभ्यासाला बसली. मला वाटलं, विसरली. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं.

वर्धापनदिनाचं सूत्रसंचालन या वर्षी तिच्याकडे होतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. आमच्या घरातली, आमच्या आळीतली पहिली मुलगी त्या स्टेजवर माइक धरणार होती. तिची निवड मी केली नव्हती. मराठीच्या बाईंनी केली होती, मी त्या खोलीतही नव्हतो. आरशासमोर उभी राहून ती सराव करायची. हातात माइकऐवजी लाटणं. “आदरणीय अध्यक्ष महोदय...” आवाज असा खणखणीत की शेजारची म्हातारी अंगणातून ओरडायची, “ए गो सुमी, आमाला पन बोलव तुज्या मीटिंगला!” ती आतून ओरडायची, “ये गो आजी, पयल्या खुर्चीवर बसवते तुला!”

त्या सकाळनंतर सराव हळू आवाजात व्हायला लागला. मग दार लावून. मग तिने आईजवळ हट्ट धरला, कार्यक्रमाला पिवळा ड्रेस नको, काळा पाहिजे. आई म्हणाली, “आगो काला कशाला? सनासुदीचं!” ती म्हणाली, “काळ्यावर दिसत नाय.”

काय दिसत नाही, ते आईने विचारलं नाही. मला ऐकू आलं होतं. मीही विचारलं नाही.

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात मैदानात तालीम होती. मांडव अजून घालायचा होता. दुपारची वेळ. मी वर्गावर होतो. एक मुलगी धावत आली, “सर, सुमेधा पडली.”

स्टेजच्या फळ्यांवर ती आडवी पडलेली. ओठ सुकून पांढरे. मराठीच्या बाई वहीने वारा घालत होत्या. मी तिला उचललं. हलकी लागली. रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच परत गेली नाही. सलाईन लावलं. मग विचारलं, “सकाळपासून लघवीला किती वेळा गेलीस?”

सुमेधा म्हणाली, “नाही गेले.”

“पाणी किती प्यायलीस?”

तिने दप्तराकडे बघितलं.

माझ्या हातात तिचं दप्तर होतं. मी बाटली काढली. आई रोज सकाळी भरून देते ती. बाटली गळ्यापर्यंत भरलेली. घोटभरही कमी नाही.

डॉक्टर बाई म्हणाल्या, “असं किती दिवस चाललंय?”

सुमेधा माझ्याकडे बघत नव्हती. सलाईनच्या नळीकडे बघत होती. म्हणाली, “पाणी नाही प्यायलं की घाम कमी येतो.”

डॉक्टर बाईंना राग आला. “कोणी सांगितलं तुला हे? नेटवर वाचलंस?”

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. मग सुमेधा मला म्हणाली. आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती. एखादं उदाहरण वहीत उतरवल्याचं सांगावं तसं.

“तुम्हीच सांगितलेलं ना, पप्पा. इंटरव्ह्यूच्या दिवशी तुम्ही पाणी नव्हतं प्यायलं.”

मी सांगितलं होतं. कितीदा तरी. तिला झोपवताना, पाहुण्यांसमोर, तिच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी. माझी मुलाखत मे महिन्यात होती, मी घरातून निघाल्यापासून पाण्याचा थेंब घेतला नाही, घसा कोरडा पडला, पण शर्टही कोरडा राहिला, मुलाखत घेणाऱ्यांसमोर असा बसलो की एक डाग नाही, आणि नोकरी लागली. ही माझी शौर्यकथा होती. लोक वाघ मारल्याच्या गोष्टी सांगतात. मी तहान मारल्याची सांगत होतो.

आणि माझी पोर ती ऐकून मोठी झाली.

तिची आई शेतातून तशीच आली. पायाला चिखल, पदर खोचलेला, कमरेला विळा राहून गेलेला. मी बाहेर पायरीवर तिला सगळं सांगितलं. व्हरांड्यातलंही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “पोरीला तहान शिकवली तुमी?”

मी म्हणालो, माझ्या मनात तसं नव्हतं.

“मनात नव्हतं तं काय झालं?” ती म्हणाली. “ज्या पान्याला हात लावाय आपली मानसं तल्यावर चालत गेली, डोकी फोडून घेतली, ते पानी माजी पोरगी बाटलीत भरून नेते आन् भरलेलं परत आनते. कोनी अडवलं तिला? त्या अध्यक्षानं? तो तं तिच्या घरात बी आला नाय कधी.”

एवढं बोलून ती आत गेली. मी पायरीवर बसून राहिलो. माझ्या समोर दवाखान्याचा नळ होता. बायका पाणी भरत होत्या. मला खूप तहान लागली होती आणि उठून नळापर्यंत जायची लाज वाटत होती.

तिथे बसून जे कळलं ते मी आधी कळून घ्यायला हवं होतं. मी इंग्रजीचा शिक्षक आहे, शब्दापासून सुरुवात करतो. एक्झ्यूड. झाडाला, जखमेला, कातडीला लावतात तेव्हा त्यातून डिंक येतो, पू येतो, घाम येतो. मोठ्या माणसाला लावतात तेव्हा आत्मविश्वास येतो, रुबाब येतो. शब्द तोच. मूळ घामाचं. पण आत्मविश्वासाचा वापर कोणासाठी? ज्याला कधी घाम फुटला नाही त्याच्यासाठी. जो खुर्चीत बसला की खुर्ची त्याचीच वाटते त्याच्यासाठी. त्याला काही करावं लागत नाही. केलं असं दिसलं तर तो शब्द लागत नाही. आम्ही जे काही करतो ते करताना दिसतं. धुतलेलं दिसतं, इस्त्री दिसते, पावडर दिसते, नीट उच्चार करायची धडपड दिसते. आणि ते तिकडून हसतात.

अध्यक्षांच्या भातखाचरांत माझ्या आजीने आयुष्य काढलं. तिच्या अंगातून जे वाहिलं ते त्यांच्या कणगीत गेलं. त्या घामाचा वास त्यांना आला नाही. तो माझ्या शर्टाला आला.

आणि मी? मी तो घाम पुसत बसलो. नुसता पुसला नाही, आतल्या आत सुकवायला शिकलो. मग मुलीला शिकवलं. अध्यक्षांनी एका सकाळी एक वाक्य टाकलं. मी मात्र रोज सकाळी, प्रेमाने, डबा भरताना, तिचे केस पुसताना, तेच वाक्य तिच्या कानात सांगत होतो. तुझ्या अंगातून काहीतरी घाण बाहेर येतं. ते लपव.

हे लिहिताना हात थांबतो. पण हे मी लिहिलं नाही तर दुसरं कोण लिहिणार.

दोन दिवसांनी अध्यक्षांनी मला बोलावलं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये ते बसले होते. उपप्राचार्यही होते. मी घरून एकच शर्ट घालून निघालो होतो. पिशवी नव्हती. पोहोचलो तेव्हा भिजलो होतो. हात कॉलरकडे गेला तो मी खाली घेतला.

“या सर. पोरगी कशी आहे? उपास-बिपास करते काय?” अध्यक्ष म्हणाले. “फळं पाठवतो घरी. आणि भाषण झालं का पक्कं?”

“नाही,” मी म्हणालो. “ते मी लिहिणार नाही.”

“म्हणजे?”

“व्हरांड्यात तुम्ही जे बोललात ते तिथेच परत घ्या. त्याच मुलांसमोर. मग बघू.”

त्यांना आठवेना. खरंच आठवेना, नाटक नव्हतं. उपप्राचार्यांनी कानात सांगितलं. मग ते हसले. “अहो, ते! गंमत केली हो. तुम्हा लोकांना गंमत कळत नाय, हीच पंचाईत आहे.”

“आम्ही लोक म्हणजे कोण?” मी विचारलं.

पंखा फिरत होता. उपप्राचार्य उठले, “सर, बसा ना. पाणी घ्या. उन्हातून आलात.” शिपायाने पेला आणून दिला.

मी तो घेतला. उभ्यानेच, सावकाश, सगळा प्यायलो. त्या खोलीत इतक्या वर्षांत मी कधी पाणी प्यायलो नव्हतो. “नको, आत्ताच घेतलं” असं म्हणायची मला सवय होती. पेला रिकामा करून टेबलावर ठेवला आणि पुन्हा तेच म्हणालो. तिथेच. त्याच मुलांसमोर.

अध्यक्षांचा आवाज बदलला. “सर, विचार करा. संस्थेने तुम्हाला उभं केलं.”

“मी उभाच आहे,” मी म्हणालो. “तुम्हीच उभं केलं होतंत, फळ्याशेजारी. माझ्या मुलीने बघितलं.”

मी बाहेर आलो. शूर वगैरे काही वाटलं नाही. नोकरी जाईल ही भीती वाटली, घराचे हप्ते आठवले, आणि वडिलांचा चेहरा आठवला. त्यांना हे आवडलं असतं की नाही, मला ठरवता आलं नाही.

वर्धापनदिन झाला. अध्यक्ष मराठीतून बोलले, थोडकंच. सूत्रसंचालन दुसऱ्या मुलीने केलं. मराठीच्या बाई घरी येऊन सुमेधाला समजावून गेल्या होत्या, बरं वाटतंय ना आता, ये. ती म्हणाली, “बाई, मला नको.” मी तिला आग्रह केला नाही. तिला धीट होऊन माझी चूक भरून काढायला सांगायचा मला काय अधिकार? काळा ड्रेस कपाटात आहे. लेबलसुद्धा काढलेलं नाही.

आता माझी बदली झाली आहे. संस्थेचीच एक शाळा डोंगराकडे आहे, जिथे दिवसातून मोजक्याच एसट्या जातात. शिक्षक कमी आहेत, असं कारण दिलं. बरोबर निरोपही आला : सगळ्या स्टाफसमोर म्हणा, गैरसमज झाला होता, बदली थांबेल. माझे दोन सहकारी रात्री घरी येऊन बसले. चांगली माणसं आहेत. त्यातला एक आमच्यातलाच. “जाऊ दे ना, सर,” तो म्हणाला, “एक वाक्य बोलून मोकळं व्हा. आपण असं किती गिळलंय.” मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मोटरसायकलच्या हँडलला एक पिशवी लटकत होती. पिशवीत इस्त्रीचा शर्ट.

मी त्याला काही बोललो नाही. बोलायचा हक्क मला अजून मिळालेला नाही.

घरात सगळं सुधारलं असं समजू नका. सुमेधा पाणी पिते, आम्ही बघत असलो की. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून पिते. गरम झालं की पंख्याखाली जाऊन हात पसरून उभी राहते आणि काखेकडे बघते. परवा मी तिला म्हणालो, ती इंटरव्ह्यूची गोष्ट मी चुकीची सांगितली. मला त्या दिवशी चक्कर आली होती. मुलाखत झाल्यावर जिन्यात बसलो होतो, डोळ्यांपुढे काळोख. नोकरी लागली ती माझ्या मार्कांमुळे, कोरड्या शर्टामुळे नाही. चक्कर आल्याचा भाग मी कधी सांगितला नव्हता. लाज वाटायची. तिने ऐकून घेतलं. “हं,” म्हणाली. पुन्हा पुस्तकात बघायला लागली. त्या “हं” मध्ये तिने माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही.

मी तिच्याकडे माफी मागणार नाही. माफी मागितली की ती लगेच देईल, तशीच आहे ती. आणि मग मी मोकळा होईन. मला मोकळं व्हायचं नाही.

मी गैरसमज झाला होता असं म्हणणार नाही. स्टाफसमोर नाही, बंद खोलीत नाही, फोनवर नाही. गैरसमज नव्हता. मला बरोबर समजलं होतं, नववी-दहावीपासून समजत होतं, फक्त मी न समजल्यासारखं करत होतो. डोंगराकडच्या शाळेत सोमवारी हजर होतोय. तिथल्या पोरांना इंग्रजी शिकवीन. ती उन्हातून चालत येतील, भिजून येतील. त्यांना बसवायच्या आधी मी त्यांना पाणी देईन, आणि त्यांच्यासमोर मीही पिईन. अध्यक्षांनी त्या व्हरांड्यात, त्याच मुलांसमोर शब्द परत घेईपर्यंत त्यांच्या तोंडात माझा एक शब्द जाणार नाही. आणि माझ्या घरातलं कोणीही, कोणाच्याही नाकासाठी, यापुढे तहानलेलं राहणार नाही.